उड्डाणाच्या वेळी इंजिनाला आग लागली तर : विमानातून सुखरूप बाहेर पडण्याची तयारी

सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून आज नियमित प्रवासी विमान सुटत नाही. कवलापूरची धावपट्टी आणि कराडचा विमानतळ असूनही आपल्याला पुणे, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते. तरीही आपल्या भागातून विमानाने जाणारी माणसे कमी नाहीत. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलेले आहेत आणि गावची यात्रा, दिवाळी, घरातले लग्न यांसाठी येताना-जाताना त्यांतील अनेक कुटुंबे आता विमानानेच प्रवास करतात. मुलांकडे परदेशी निघालेले आईवडील आणि सुट्टी संपवून परतणारे जवानही त्याच रांगेत उभे असतात. धावपट्टीवर विमान वेग घेत असताना इंजिनाने पेट घेतला, तर प्रवाशाने काय करावे आणि काय करू नये, हे या सर्वांसाठी येथे लिहिले आहे. अशी वेळ फार क्वचित येते. पण आली तर विचार करायला सवड मिळत नाही, आणि प्रवाशाच्या हातात जे काही असते त्यातले बरेचसे घरी बॅग भरताना आणि आसनावर बसल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत ठरून गेलेले असते.

वैमानिक काय करत असतात

प्रत्येक उड्डाणापूर्वी विमानाचे वजन, हवेचे तापमान, वारा आणि धावपट्टीची लांबी पाहून एक निर्णयवेग ठरवला जातो. वैमानिकांच्या भाषेत त्याला ‘व्ही वन’ म्हणतात. या वेगाच्या आत इंजिनात गंभीर बिघाड झाला तर उड्डाण रद्द करून विमान धावपट्टीवरच थांबवले जाते. हा वेग ओलांडल्यानंतर उरलेल्या धावपट्टीत विमान थांबेलच याची खात्री नसल्यामुळे उड्डाण पुढे चालू ठेवणे अधिक सुरक्षित असते. दोन इंजिनांचे प्रवासी विमान एका इंजिनावर वर चढू शकते, आणि तशी क्षमता सिद्ध केल्याखेरीज त्याला परवानाच मिळत नाही. म्हणून इंजिनातून ज्वाळा दिसत असताना विमान हवेत उचलले गेले, तर वैमानिकाच्या लक्षात आले नाही असा अर्थ काढून आरडाओरडा करू नये. जून 2022 मध्ये पाटण्याहून दिल्लीला निघालेल्या विमानाला उड्डाणाच्या वेळी पक्षी धडकला, डाव्या इंजिनातून निघणाऱ्या ज्वाळा जमिनीवरच्या लोकांनीही पाहिल्या, आणि ते विमान पाटण्यालाच परत उतरून सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले.

आगीचा इशारा मिळाल्यावर वैमानिक त्या इंजिनाचा आगीसाठीचा खटका ओढतात. त्याने इंधन बंद होते आणि बाटलीतला अग्निशामक वायू इंजिनात सोडण्याची सोय होते. विमान थांबल्यावर हातब्रेक लावणे, नियंत्रण कक्षाला कळवणे, दुसरे इंजिनही बंद करणे आणि मगच बाहेर पडण्याचा आदेश देणे, असा क्रम असतो. या कामाला वेळ लागतो. बाहेर आग दिसत असताना आत मात्र ‘बसून राहा’ अशी घोषणा ऐकू येते, तो हाच काळ. तो असह्य वाटतो, पण त्याला कारण आहे. 28 ऑक्टोबर 2016 रोजी शिकागोच्या ओहेर विमानतळावर मायामीला निघालेल्या बोइंग 767 विमानाच्या उजव्या इंजिनातील टर्बाइनची चकती धावपट्टीवरच फुटली, उजव्या पंखाखाली मोठी आग लागली आणि लोक डाव्या बाजूने बाहेर पडू लागले, तेव्हा डावे इंजिन अजून चालू होते. विमानात 170 जण होते, सगळे वाचले, पण त्या चालू इंजिनाच्या झोताने एक प्रवासी खाली फेकला जाऊन गंभीर जखमी झाला.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आत धूर शिरू लागला किंवा आग सरळ दिसत असली आणि वैमानिकांकडून आदेश येत नसला, तर केबिन कर्मचाऱ्यांना स्वतः निर्णय घेऊन दारे उघडण्याचा अधिकार असतो. प्रवाशाने मात्र स्वतःच्या मनाने दार उघडू नये.

बॅग : घरीच सोडवायचा प्रश्न

माझ्या मते या संपूर्ण विषयात प्रवाशाच्या हातातील सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. प्रवासी विमानाला परवानगी देताना पूर्ण भरलेले विमान निम्म्याच दारांतून 90 सेकंदांत रिकामे होते हे दाखवावे लागते, आणि त्या चाचणीत कोणीही वरच्या कप्प्यातून बॅग काढत नसतो. प्रत्यक्षात मात्र काढतात. शिकागोत ‘सर्व काही सोडा’ असे ओरडून सांगितले जात असतानाही अनेकांनी बॅगा काढल्या. 3 ऑगस्ट 2016 रोजी तिरुवनंतपुरमहून दुबईला पोहोचलेले विमान उतरतानाच्या अपघातात धावपट्टीवर घसरत जाऊन पेटले, तेव्हाही धुरात कप्पे उघडून सामान शोधणारे प्रवासी चित्रफितीत दिसले. त्या विमानातील 300 जण वाचले. पण विमान थांबल्यानंतर काही मिनिटांतच इंधनाच्या टाकीचा स्फोट झाला आणि अग्निशामक दलाचा एक जवान मृत्युमुखी पडला. याउलट 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाच्या छोट्या विमानाशी टक्कर होऊन पेटलेल्या एअरबस ए 350 मधून 379 जण 8 पैकी केवळ 3 दारांतून बाहेर पडले. घोषणायंत्रणा बंद पडल्यामुळे कर्मचारी भोंग्यावरून ओरडून सांगत होते, आणि प्रवाशांनी सामान आतच सोडले होते.

बॅग घेतल्याने जो वेळ जातो तो आपला नसतो. तो आपल्या मागे उभ्या असलेल्यांचा असतो. शिवाय आपत्कालीन दारातून खाली उतरण्यासाठी हवेने फुगणारी घसरगुंडी असते. बॅगेचे चाक किंवा बक्कल तिला लागले तर घसरगुंडी फाटते, आणि एक घसरगुंडी गेली म्हणजे एक दार गेले.

आपल्याकडे ही गोष्ट नुसती सांगून भागत नाही, कारण गलाईवाल्याच्या हातातील बॅगेत पुष्कळदा वर्षाचा हिशेब असतो, कधी दागिने असतात, आणि ती जिवापेक्षा मोलाची वाटणे हे माणसाला धरूनच आहे. पुण्याहून चेन्नईला जाताना एकदा माझ्या शेजारी आटपाडीकडचे एक वयस्क गृहस्थ बसले होते. रेक्झिनची छोटी बॅग मांडीवर, तिचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट गुंडाळलेला. कर्मचारी मुलीने ती समोरच्या आसनाखाली ठेवायला सांगितली तरी त्यांचा हात सुटेना. मी म्हणालो, “मामा, यातलं जे गमावून चालणार नाही, तेवढं अंगावर घ्या आणि बॅग खाली सोडा.” ते जरा थांबले. मग म्हणाले, “अहो, सगळं गमावून चालणार नाही, तेच तर आहे.” तरीही त्यांनी वहीची दोन पाने, ओळखपत्र आणि कापडात बांधलेली एक पुडी काढून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, वरून शर्टाची गुंडी लावली, आणि मगच बॅग पायाशी सरकवली.

मी सर्वांना हेच करायला सांगतो. जुन्या माणसांच्या बंडीला आतून खिसा असतो, तसा खिसा पोलक्याला किंवा परकराला शिवून घेता येतो. कमरेची सपाट पिशवी साडी किंवा शर्टाच्या आत बसते. त्यात ओळखपत्र किंवा पासपोर्ट, फोन, थोडे पैसे आणि एका दिवसाची औषधे एवढेच असावे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकाराची औषधे बॅगेत ठेवून बॅग सोडायला सांगणे हा अन्याय आहे, म्हणून ती अंगावरच हवीत. हिशेबाच्या पानांचे फोटो काढून घरच्या कोणाकडे तरी पाठवून ठेवावेत. एवढे केले की बॅगेत पुन्हा मिळू शकेल असाच ऐवज उरतो.

कपड्यांबाबत थोडक्यात सांगतो. शक्यतो सुती कपडे घालावेत, कारण कृत्रिम धाग्याचे कापड उष्णतेने वितळून कातडीला चिकटते. पाय पूर्ण झाकणारी चप्पल-बूट असावेत आणि उड्डाण होईपर्यंत ते काढू नयेत. टाचेची चप्पल असेल तर घसरगुंडीवर जाण्यापूर्वी ती सोडून द्यावी लागते.

आसनावर बसल्यावर

आपल्या आसनापासून पुढच्या आणि मागच्या दारापर्यंत किती रांगा आहेत त्या मोजाव्यात. धुरात काही दिसत नाही तेव्हा आसनांच्या पाठी हाताने चाचपत रांगा मोजूनच दार सापडते. आपण ज्या दाराने आत आलो तेच सर्वांत जवळचे असते असे नाही, आणि पंखावर उघडणारे आपत्कालीन दार आपल्या मागे दोनच रांगांवर असू शकते.

पट्टा एकदा लावून एकदा सोडून पाहावा. विमानाच्या पट्ट्याची वरची पत्री उचलावी लागते, तर मोटारीच्या पट्ट्याचे बटण दाबावे लागते, आणि घाबरलेला हात सवयीने बटण शोधतो. हे घरातील वृद्धांकडून आणि मुलांकडून खास करवून घ्यावे. समोरच्या खिशातले माहितीपत्रक कितीही वेळा पाहिलेले असले तरी पुन्हा पाहावे, कारण विमान बदलले की दारही बदलते. बोइंग 737 च्या नव्या प्रकारांत पंखावरचे दार खटका ओढल्यावर वरच्या बाजूला उघडते. अनेक एअरबस ए 320 विमानांत ते आत निघून हातात येते आणि उचलून बाहेर टाकावे लागते. कोल्हापूरसारख्या विमानतळांवर एटीआर 72 हे पंख्याचे विमानही येते. त्याचे पंख वरच्या बाजूला असल्याने पंखावर दार नसते. प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि आपत्कालीन खिडक्या पुढे असतात. ते जमिनीपासून फार उंच नसते, त्यामुळे घसरगुंडी नसते, सरळ खाली उतरावे लागते.

पंखाच्या दाराशेजारचे आसन पाय पसरायला जागा आहे म्हणून मागून घेतले जाते. ती जागा जबाबदारीची आहे. 22 ऑगस्ट 1985 रोजी मँचेस्टरहून कॉर्फूला निघालेल्या बोइंग 737 च्या डाव्या इंजिनातील भाग फुटून पंखातील इंधनाच्या टाकीला भोक पडले. टायर फुटला असावा असे वाटून वैमानिकांनी उड्डाण रद्द केले, विमान वळवून थांबवले, आणि वाऱ्याने आग विमानाच्या अंगावर आली. उजव्या पंखाच्या दाराशेजारी बसलेल्या तरुणीने दाराचा खटका समजून आसनाचा हात टेकण्याचा दांडा ओढला. योग्य खटका ओढला गेला तेव्हा ते सुमारे 22 किलोचे दार आत तिच्याच अंगावर पडले, आणि ते बाजूला करण्यात मोलाचे सेकंद गेले. 137 पैकी 55 माणसे त्या दिवशी गेली. त्यांतल्या बहुतेकांचा जीव धुराने घेतला. पंखाच्या दाराजवळची मोकळी जागा, जमिनीलगतचे दिवे, आग रोखणारी आसनांची आच्छादने या ज्या गोष्टी आज आपण गृहीत धरतो, त्या सर्वत्र रुजण्यामागे ही दुर्घटना मोठे कारण आहे. म्हणून त्या रांगेत बसणाऱ्याने खटका कुठे आहे, दार कुठल्या बाजूला जाते आणि ते कुठे टाकायचे हे पत्रकावर पाहून मनातल्या मनात एकदा करून पाहावे. कर्मचाऱ्यांच्या इंग्रजी-हिंदी सूचना समजत नसतील, हातात बळ नसेल किंवा सोबत लहान मूल असेल, तर आसन बदलून मागण्यात कसलाही कमीपणा नाही.

आदेशाचे शब्दही घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी सांगून ठेवावेत. ‘इव्हॅक्युएट’ म्हणजे बाहेर पडा, ‘लीव्ह एव्हरीथिंग’ म्हणजे सामान सोडा, ‘कम धिस वे’ म्हणजे इकडे या, ‘जम्प’ म्हणजे उडी मारा. ऐन वेळी कोणी मराठीत समजावून सांगायला थांबणार नाही. ‘ब्रेस’ ऐकू आले तर पत्रकात दाखवल्याप्रमाणे पुढे वाकून डोके वाचवावे आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत तसेच राहावे.

आग दिसली तर बोला

इंजिनातून मोठा आवाज येऊन मागच्या तोंडातून ज्वाळांचा भपका निघणे, हे हवेचा प्रवाह बिघडल्यानेही होते आणि लगेच थांबतेही. खरी आग कोणती हे आपण ठरवायचे नाही. पण पाहिलेले सांगायचे मात्र नक्की. 8 जानेवारी 1989 रोजी लंडनहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग 737 च्या डाव्या इंजिनात बिघाड झाला. वैमानिकांनी गैरसमजाने उजवे, म्हणजे चांगले इंजिन बंद केले आणि तसे घोषणेतही सांगितले. डाव्या इंजिनातून निघणाऱ्या ठिणग्या मागच्या अनेक प्रवाशांनी पाहिल्या होत्या, पण वैमानिकाला ठाऊक असणारच असे समजून कोणी बोलले नाही. इंग्लंडमधील केगवर्थ गावाजवळ ते विमान कोसळले आणि 47 माणसे दगावली.

आपल्याकडे शिकल्या-सवरल्या माणसापुढे, गणवेशापुढे बोलायला संकोच वाटतो, आणि तो संकोच मला या बाबतीत फार धोक्याचा वाटतो. बाजू आणि रांग सांगून मोठ्याने बोलावे: “डावं इंजिन, आग, बारावी रांग.” मराठीत बोललात तरी बोट दाखवल्यावर समजते. त्यानंतर मात्र जागेवर बसावे आणि पट्टा लावलेलाच ठेवावा. एसटी थांबण्याआधी दारापाशी गर्दी करण्याची आपली सवय इथे जीव घेऊ शकते, कारण वेगात ब्रेक लागले की उभा माणूस रांगेत फेकला जातो.

दारापर्यंत आणि दाराबाहेर

आदेश मिळताच पट्टा सोडून उभे राहावे आणि कर्मचारी दाखवतील त्या दाराकडे जावे. दार उघडण्यापूर्वी ते काचेतून बाहेर आग आहे का ते पाहतात. तिकडे आग असेल तर ते दार बंदच ठेवून तुम्हाला दुसरीकडे पाठवतील. तेव्हा हुज्जत घालू नये. धूर असेल तर खाली वाकावे, पण गुडघ्यांवर रांगू नये, कारण मागचे लोक अंगावरून जातील. रुमाल किंवा पदर नाकातोंडावर धरावा, जवळ पाणी असेल तर तो भिजवावा, मात्र त्यासाठी बाटली शोधत बसू नये. ओल्या कापडाने काजळी अडते, विषारी वायू अडत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर थांबायचे नाही. जमिनीलगतच्या दिव्यांची किंवा चमकणाऱ्या पट्टीची रेघ दाराकडे नेते.

कुटुंब वेगवेगळ्या रांगांत विखुरलेले असेल तर एकमेकांना शोधायला उलटे जाऊ नये. लहान मूल कोणासोबत आणि आजी-आजोबा कोणासोबत बाहेर पडणार हे आसनावर बसतानाच ठरवावे, आणि सर्वांनी बाहेर, विमानापासून दूर भेटायचे असे सांगून ठेवावे.

साडी नेसलेल्या बाईने उभे राहतानाच निऱ्या उचलून कमरेत खोचाव्यात आणि पदर घट्ट गुंडाळून घ्यावा. घसरगुंडीच्या तोंडाशी हे करायला वेळ नसतो. घसरगुंडीवर काठाशी बसून उतरायचे नसते. दोन्ही पाय पुढे टाकून, दाराला न धरता उडी मारावी, हात छातीशी घ्यावेत किंवा पत्रकात दाखवल्याप्रमाणे पुढे धरावेत आणि पाय सरळ ठेवावेत. तान्हे मूल छातीशी घट्ट धरावे, त्याचे डोके आपल्या हाताखाली असावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसून घसरले तरी चालेल, पण अडून राहू नये. कर्मचारी मागून ढकलतील. त्याचा राग मानू नये. घोटा मुरगळतो, खरचटते, क्वचित हाडही मोडते, आणि म्हणूनच विनाकारण बाहेर काढत नाहीत. पंखावरून बाहेर पडल्यास पत्रकातल्या बाणांप्रमाणे जावे. बोइंग 737 मध्ये बहुधा पंखाच्या मागच्या कडेवरून खाली घसरायचे असते, तर एअरबस ए 320 मध्ये तिथे घसरगुंडी उघडते.

बाहेर आल्यावर

खाली पोहोचताच बाजूला व्हावे, नाहीतर वरून येणारा माणूस अंगावर पडेल. ज्या दिशेने वारा येतो त्या दिशेला, धुरापासून आणि पंखांपासून दूर, किमान 100 मीटर चालत जावे. एटीआरच्या पंख्यांजवळून कधीही जाऊ नये, ते थांबलेले दिसत असले तरी. फोन काढून चित्रीकरण करत उभे राहू नये. अग्निशामक दलाच्या गाड्या वेगाने येतात आणि फेसाने जमीन झाकून टाकतात, म्हणून गवतावर बसू किंवा झोपू नये. सॅन फ्रान्सिस्कोत 6 जुलै 2013 रोजी झालेल्या अपघातात फेसाखाली पडलेल्या एका मुलीच्या अंगावरून अशी गाडी गेली होती.

सर्वांची मोजणी होईपर्यंत गट सोडून जाऊ नये. आपण बरे आहोत असे वाटत असले तरी धूर छातीत गेला असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरी जाऊ नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात मिसळला की बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्रावर आकडा चांगलाच दिसतो, कारण साध्या यंत्राला रक्तातील ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, आवाज बसणे यांपैकी काहीही असेल तर आपण किती वेळ धुरात होतो ते सांगावे, आणि रक्तातील कार्बन मोनॉक्साइड मोजणारी तपासणी करण्याची विनंती स्पष्ट शब्दांत करावी.